तोफेमागची साथ

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन घरी आला. मुलगा क्लॅरिनेट बरी वाजवतो. पाश्चात्त्य स्वरलिपीही त्याला वाचता येते. नौदलाच्या बँडात वादकांची भरती होते आणि निवड झाली म्हणजे पुढचे शिक्षण मुंबईला, कुलाब्याच्या 'आयएनएस कुंजाली' तळावरील संगीतशाळेत मिळते, हे त्याला कुठूनसे कळले होते. अर्ज करायचा त्याचा बेत पक्का होता. वडिलांच्या जिवाला मात्र घोर लागलेला. ते म्हणाले, "गुरुजी, बँड म्हणजे परेडीपुरता, असं हा मला सांगतो. पण लढाई लागली म्हणजे वाजवणारी माणसं काय करतात, एवढं तुम्ही सांगा. मग मी सही करतो."

मला उत्तर देता आले नाही. आम्हां ग्वाल्हेरकरांना समुद्र तसा परकाच. युद्धकाळातल्या एका जहाजाशी आपल्या शहराचे नाव जोडलेले आहे खरे, पण ते जहाज इस्पितळाचे. पहिल्या महायुद्धात माधवराव महाराज शिंदे यांच्या पुढाकाराने एक उतारू जहाज विकत घेऊन त्यावर जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उभारले गेले आणि त्याला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. हेच जहाज पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. एवढी आमची समुद्राशी ओळख. तोफांच्या जहाजांशी ती कुठून असणार?

तेव्हा उत्तर शोधायला बसलो. आपल्या नौदलाने बँडाची रीत घेतली ती ब्रिटिश आरमाराकडून. म्हणून त्या आरमाराची दुसऱ्या महायुद्धातली हकिगत वाचू लागलो. वाचता वाचता तोफा, चिलखते, ॲडमिरल हे सारे मागे पडले, आणि जहाजाच्या अगदी तळच्या एका खोलीत माझे लक्ष अडकले. कारण त्या खोलीत वाजवणारी माणसे बसलेली होती.

गोळा आणि गणित

बॅटलशिप म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते, कारण अशी जहाजे आता जगात कुठेही सेवेत नाहीत. आरमारातले सर्वांत भारी तोफा वाहणारे आणि सर्वांत जाड पोलादी चिलखत ल्यालेले जहाज ते बॅटलशिप. 'वॉरस्पाइट' हे त्यांतले एक नामांकित नाव. १९१३ साली ती पाण्यात उतरली. लांबी सुमारे १९६ मीटर, वजन तीस हजार टनांहून अधिक, वस्तीला हजारावर माणसे, आणि चार फिरत्या बुरुजांत मिळून १५ इंची आठ तोफा. एकेका गोळ्याचे वजन सुमारे ८७० किलोग्रॅम.

आता हा गोळा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या जहाजावर टाकायचा आहे. गोळ्याला तिथवर पोचायला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात पंचवीस नॉट वेगाने धावणारे शत्रूचे जहाज अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे निघून गेलेले असते. आपले जहाजही धावत असते, डुलत असते. वारा एका बाजूने रेटत असतो. म्हणजे शत्रू जिथे दिसतो तिथे मारून उपयोग नाही; गोळा पडण्याच्या क्षणी तो जिथे असेल तिथे मारायचे. तबलजीला हे सांगायला नको. गवई समेवर कधी येणार हे तो आला म्हणजे कळून काय फायदा? आधी कळले तरच सम साधते.

हे गणित करायला जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली आणि चिलखती तक्तपोशीच्या आड, एक खोली असे. इंग्रजीत तिला 'ट्रान्समिटिंग स्टेशन' म्हणत. तिथे दंतचक्रांचे आणि तबकड्यांचे मोठे टेबलासारखे यंत्र असे. उंच मनोऱ्यावरून अंतरमापकाचे आकडे खाली येत. शत्रूचा वेग आणि दिशा, आपला वेग आणि दिशा, वारा, हे सारे त्या यंत्रात भरले जाई. यंत्राभोवती माणसे आपापल्या तबकडीपुढे बसत. एक काटा आपोआप हलत असे. दुसरा काटा हाताने मुठी फिरवून त्याच्यावर बरोबर धरून ठेवायचा. पुढे नाही, मागे नाही. सगळ्यांचे काटे जुळत राहिले तरच निघालेले उत्तर बिनचूक. ते उत्तर वर तोफांकडे जाई, घंटा वाजे, आणि मग मनोऱ्यावरचा माणूस चाप ओढून साऱ्या तोफा एकदम डागी.

या तबकड्यांपुढे बसवायला जी माणसे निवडली गेली ती बहुतेक मोठ्या जहाजांवर रॉयल मरीन्सच्या बँडातली होती. क्लॅरिनेटवाला, व्हायोलिनवाला, कॉर्नेटवाला, ढोलवाला. १९०३ सालापासून ब्रिटिश आरमाराला बँड पुरवण्याचे काम रॉयल मरीन्सकडे आले होते. एकेका वादकाला फुंकीचे एक आणि तारेचे एक अशी दोन वाद्ये येत. शांततेच्या दिवसांत सकाळी निशाण चढताना वाजवायचे, बंदरात पाहुणे आले म्हणजे वाजवायचे, अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या वेळी मंद तारवाद्ये छेडायची. युद्धाचा कर्णा झाला की वाद्ये पेटीत आणि माणसे तळघरात.

निवडीचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. लढाई सुरू झाल्यावर बँडला काम नसते आणि जहाजावर रिकामा माणूस परवडत नाही. पण मला वाटते, दुसरेही कारण होते. नजर एकीकडे, हात दुसरीकडे, कान तिसरीकडे आणि तरी शेजाऱ्याशी लय सुटू द्यायची नाही, ही सवय आमच्या धंद्यातल्या माणसाला लहानपणापासून लागलेली असते. ती आठ दिवसांच्या कवायतीने येत नाही.

एका जहाजाची कामगिरी

ब्रिटिश बॅटलशिपांनी दुसऱ्या महायुद्धात नेमके केले काय, हे पाहायला एक 'वॉरस्पाइट' पुरेशी आहे. पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत, तिचे सुकाणू अडकले आणि शत्रूच्या माऱ्यात ती जागच्या जागी गोल घिरट्या घालत राहिली, तरी वाचली. पुढे १९३४ ते १९३७ या काळात तिची जवळजवळ नव्याने बांधणी झाली, आणि दुसऱ्या युद्धाला ती जुन्या अंगाने पण नव्या यंत्रांनिशी उभी राहिली.

१३ एप्रिल १९४० रोजी नऊ विनाशिकांसह ती नॉर्वेच्या नार्व्हिक बंदराच्या चिंचोळ्या खाडीत शिरली. एवढ्या अजस्र जहाजाने दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या खाडीत जाणे म्हणजे हत्तीने बोळात शिरणे. पण त्या दिवशी तिथल्या आठही जर्मन विनाशिका नष्ट झाल्या. तिच्यावरून उडालेल्या छोट्या विमानाने एक पाणबुडीही बुडवली. 

मग ती भूमध्य समुद्रात ॲडमिरल कनिंगहॅम यांचे निशाण घेऊन गेली. ९ जुलै १९४० रोजी इटलीच्या कॅलाब्रिया किनाऱ्याजवळ तिने 'जुलिओ चेझारे' या बॅटलशिपवर सुमारे २४ किलोमीटर अंतरावरून गोळा बसवला. चालत्या जहाजाने चालत्या जहाजाला इतक्या लांबून टिपल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. इतिहासात हा नेम 'वॉरस्पाइट'च्या नावावर आहे. मला मात्र तळघरात मुठी फिरवणारे हात दिसतात.

२८ मार्च १९४१ ची मटापानची रात्र याहून वेगळी. ग्रीसच्या दक्षिणेला 'पोला' हे इटालियन क्रूझर विमानाच्या पाणतीराने जायबंदी होऊन पडले होते. त्याच्या मदतीला 'झारा' आणि 'फियूमे' ही दोन क्रूझर परत फिरली. त्यांच्यावर रडार नव्हते; आपल्याकडे तीन बॅटलशिपा काळोखातून येत आहेत, याची त्यांना कल्पनाच नव्हती. 'वॉरस्पाइट', 'व्हॅलियंट' आणि 'बारहॅम' त्यांच्यापासून चार हजार यार्डांहूनही कमी अंतरावर आल्या. प्रकाशझोत पडले आणि १५ इंची तोफा धडाडल्या. काही मिनिटांत दोन्ही क्रूझर पेटली. पहाटेपर्यंत तिन्ही क्रूझर आणि दोन विनाशिका तळाला गेल्या. इटलीची २३०० हून अधिक माणसे मेली. ब्रिटिशांचे एक विमान आणि त्यातले तिघे गेले.

कनिंगहॅम यांनी पुढे आपल्या आठवणींत ती रात्र लिहिली. सज्जावर पसरलेली ती निःस्तब्ध शांतता, आणि त्या शांततेत किणकिणलेल्या घंटा, यांची त्यांनी नोंद केली आहे. ती किणकिण वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मैफलीत तंबोरे लागले की क्षणभर अशीच शांतता पसरते.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश विनाशिका पाण्यातली शत्रूची माणसे उचलू लागल्या. सुमारे नऊशे जणांना त्यांनी वाचवले. जर्मन विमाने आल्यामुळे ते काम अर्धवट टाकावे लागले, तेव्हा कनिंगहॅम यांनी उरलेली माणसे कुठे तरंगत आहेत ते इटलीच्या आरमाराला बिनतारी संदेशाने कळवले. त्यावरून 'ग्रादिस्का' हे इटालियन इस्पितळजहाज आले आणि त्याने आणखी सुमारे १६० जण वाचवले. 'लॉयल्टी'च्या गावच्या माणसाला हे वाचून बरे वाटले.

पण दोनच महिन्यांत, २२ मे १९४१ ला, क्रीट बेटापाशी एका विमानाच्या बाँबने 'वॉरस्पाइट'ला असे जखमी केले की दुरुस्तीसाठी तिला थेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे लागले. १९४२ साली ती हिंदी महासागरातल्या आरमाराची निशाणनौका झाली. त्या एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली यांवर हल्ले केले, विशाखापट्टण आणि काकिनाडा इथेही बाँब पडले. पण दोन आरमारांची गाठ पडली नाही. समोरासमोर येणे परवडणारे नाही, हे ॲडमिरल सॉमरव्हिल यांनी ओळखले होते. जुन्या बॅटलशिपा त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याला धाडल्या, आणि 'वॉरस्पाइट' असलेली वेगवान तुकडी मुंबईला आली. आपल्या किनाऱ्याशी तिचा संबंध आला तो असा, माघारीच्या दिवसांत.

पुढच्या वर्षी पारडे फिरले. १० सप्टेंबर १९४३ रोजी शरण आलेल्या इटालियन आरमाराला सामोरे जाऊन माल्ट्याकडे नेण्याचा मान तिला आणि 'व्हॅलियंट'ला मिळाला. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच सालेर्नोच्या किनाऱ्यापाशी जर्मनांच्या रेडिओने वळवल्या जाणाऱ्या बाँबने तिचे पोट फाडले. तिला दोरखंडांनी ओढत माल्ट्याला न्यावे लागले. तिचा एक बुरूज पुन्हा कधीच सुरू झाला नाही. तरीही ६ जून १९४४ च्या पहाटे, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरण्यापूर्वी, उरलेल्या सहा तोफांनिशी ती जर्मन मोर्चांवर गोळे टाकत होती.

हा सगळा हिशेब मांडला म्हणजे बॅटलशिपचे युद्धातले काम ध्यानात येते. ज्या कामासाठी त्या बांधल्या, म्हणजे बरोबरीच्या जहाजाशी दोन हात करण्यासाठी, ते काम त्यांना फार थोड्या वेळा मिळाले. 'रॉडनी' आणि 'किंग जॉर्ज पाचवा' यांनी २७ मे १९४१ ला 'बिस्मार्क'ला गाठले. २६ डिसेंबर १९४३ ला उत्तर ध्रुवाकडच्या काळोखात 'ड्यूक ऑफ यॉर्क'ने रडारच्या मदतीने 'शार्नहॉर्स्ट'ला गाठले. बाकी काळ त्यांनी व्यापारी तांड्यांना सोबत केली, किनाऱ्यांवर मारा केला, आणि नुसते असण्याने शत्रूला बंदरात कोंडून ठेवले. राज्य आता विमानांचे झाले होते.

तळघरातला हिशेब

याची किंमत कोणी भरली? १४ ऑक्टोबर १९३९ ला 'रॉयल ओक' आपल्याच बंदरात, स्कापा फ्लो इथे, पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडाली. आठशेहून अधिक माणसे गेली. २४ मे १९४१ ला 'हूड' हे युद्धक्रूझर 'बिस्मार्क'शी लढताना फुटले आणि काही मिनिटांत दिसेनासे झाले. तिच्यावर १४१८ माणसे होती, वाचली तीन. त्या तिघांत बँडातला कोणी नव्हता. २५ नोव्हेंबर १९४१ ला मटापानच्या रात्रीतली 'बारहॅम' पाणतीर लागून कलंडली आणि स्फोट होऊन गेली. आठशेहून अधिक माणसे तिच्यासह गेली.

'प्रिन्स ऑफ वेल्स'ची गोष्ट वादकाच्या मनाला अधिक लागते. १० ऑगस्ट १९४१ च्या रविवारी न्यूफाउंडलंडच्या एका उपसागरात तिच्या तक्तपोशीवर चर्चिल आणि रूझवेल्ट शेजारी शेजारी बसले होते. ब्रिटिश आणि अमेरिकन खलाशी एकमेकांत मिसळून उभे होते आणि सर्वांनी मिळून प्रार्थनागीते म्हटली. ती गीते चर्चिलनी स्वतः निवडली होती. बरोबर चार महिन्यांनी, १० डिसेंबर १९४१ ला, मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' दोन्ही बुडवल्या. दोन्ही मिळून ८४० माणसे गेली, त्यांतली ३२७ 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची. त्या रविवारी गायलेले कितीतरी गळे त्यांत होते.

लढाईच्या वेळी तळघरावरची चिलखती झाकणे बंद केलेली असत. आतल्या माणसांना समुद्र दिसत नसे, शत्रू दिसत नसे, आपण जिंकतो आहोत की बुडतो आहोत हेही दिसत नसे. फक्त पुढची तबकडी. जहाज कलंडले तर वर येण्याची वाट त्यांना सर्वांत लांब. दुसऱ्या महायुद्धात रॉयल मरीन्सच्या बँडातले २२५ वादक मारले गेले. त्या बँडसेवेच्या एकूण संख्येच्या ते सुमारे एक चतुर्थांश होते. माझ्या वर्गात वीस मुले असतात. मी डोळ्यांनी पाच आसने मोजली आणि पुस्तक मिटून ठेवले.

माझे वडील पंधराव्या वर्षी दरबारच्या वादकांत पखावजाच्या साथीला लागले. तीनच वर्षांत, १९४८ साली, संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. पण चाकरीची शिस्त त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिली. ते म्हणत, "साथ ऐकू यावी, दिसू नये." लहानपणी मला यात कमीपणा वाटे. टाळ्या गवयाला, शालजोडी गवयाला, आणि हात सोलवटायचे ते आमचे! 'वॉरस्पाइट'च्या पुस्तकांत तोफांची चित्रे पानोपानी आहेत; तळघराचे चित्र मला क्वचितच सापडले. पण ती साथ नसती तर त्या आठ तोफा म्हणजे नुसता गडगडाट. अंतर चुकले की पाऊण टनाहून जड गोळा पाण्यात पडतो आणि माशांना मारतो.

पुढे 'वॉरस्पाइट' मोडीत निघाली. १९४७ च्या एप्रिलमध्ये तिला ओढून नेत असता वादळात दोरखंड तुटले आणि कॉर्नवॉलच्या खडकांवर ती जाऊन बसली. तिथून ती निघेना; शेवटी त्या किनाऱ्यालाच तिचे तुकडे करावे लागले, आणि त्या कामात कित्येक वर्षे गेली. ब्रिटनची शेवटची बॅटलशिप 'व्हॅनगार्ड' १९६० साली मोडीत गेली. महायुद्धात लढलेली एकही ब्रिटिश बॅटलशिप आज शिल्लक नाही. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोर 'रॅमिलीज' आणि 'रेझोल्यूशन' या जहाजांच्या दोन १५ इंची तोफा मांडून ठेवल्या आहेत. लोक त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. बँड मात्र अजून वाजतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्याच बँडाचे वादक 'कॅनबेरा' जहाजावर जखमींची स्ट्रेचरे उचलत होते. म्हणजे ते तळघरातून वर आले आणि इस्पितळाच्या कामाला लागले.

हे सारे मी त्या मुलाच्या वडिलांना बोलावून सांगितले. काही लपवले नाही. परेडीपुरताच बँड असतो असे खोटे सांगून मला त्यांची सही घ्यायची नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "त्या खालच्या खोलीतून वर यायला जिना असायचा ना?"

"असायचा," मी म्हणालो. "पण लढाईत त्यावरचं झाकण लावून घेतलेलं असायचं. आता तशी जहाजं राहिली नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि ते उठले. सही केली की नाही, मी विचारले नाही. मुलगा परवा नेहमीप्रमाणे वर्गाला आला. मी त्याला एकट्याचा तुकडा दिला नाही. दुसऱ्या मुलाने गत वाजवायची आणि त्याने मागे एकच स्वर लांबवर धरून ठेवायचा, असे सांगितले. सोपे वाटते, पण श्वास पुरवून, न हलता धरणे फार अवघड. पहिल्या दोन वेळा त्याचा स्वर उतरला. तिसऱ्या वेळी टिकला.